हेडलाइटच्या आतला गाळ

जुनी क्रूझर बघायला गेलो की मी आधी किल्ली मागत नाही, स्टार स्क्रू ड्रायव्हर मागतो. हेडलाइटच्या डूमचे स्क्रू काढले की काच रिफ्लेक्टरसकट बाहेर येते आणि मागच्या वाटीत वायरींचा गुंता दिसतो. गाडी धुणारा माणूस तिथवर कधी जात नाही. टाकीला पॉलिश होतं, सीटला नवं कव्हर चढतं, सायलेन्सरचं क्रोम घासून चकाचक होतं. पण त्या वाटीच्या तळाला बोट फिरवल्यावर पिठासारखी बारीक पिवळसर माती बोटाला लागली, तर ती गाडी पाण्याखाली जाऊन आलेली असते. बघायला पाच मिनिटं पुरतात. मला हे शिकायला चौदा वर्षं लागली, आणि शिकलो तेव्हा दुसऱ्याच्या घरात दुखापत झालेली होती.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात बोरिंगच्या दुकानात लेथवर उभं राहून पोट भरलं, आजही भरतो. २००६ पासून जोडीला जुन्या क्रूझर घ्यायच्या, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नीट करायच्या आणि विकायच्या, हा उद्योग. आतापर्यंत साठेक गाड्या झाल्या असतील. बोर्ड नाही, दुकान नाही, एकाकडून दुसऱ्याला कळतं तेवढंच.

आमच्याकडं बुलेटचं वेड किती आहे ते सांगायला नको. मला मात्र पहिल्यापासून बुटक्या सीटच्या, लांब अंगाच्या, पाय पुढं टाकून बसायच्या गाड्यांनी ओढलं. बजाजनं २००१ साली कावासाकीबरोबर १७५ सीसीची एलिमिनेटर आणली, तेव्हा ती लक्ष्मीपुरीतून जाताना बघून मी सायकल थांबवली होती. पाच वर्षांनी तीच गाडी, २००२ चं मॉडेल, अडतीस हजारांना घेतली. ती माझी पहिली. पुढं २००५ ला ॲव्हेंजर आली, आधी १८० सीसी, मग २००, मग २२०. दुसऱ्या बाजूला एनफिल्डची थंडरबर्ड होतीच. माझ्या शेडमधून गेलेल्या गाड्यांत या दोन घराण्यांच्याच जास्त.

या गाड्यांचं एक वेगळेपण आहे. कामावर जायला, भाजी आणायला, पोरांना शाळेत सोडायला म्हणून क्रूझर कोणी घेत नाही. मनात गोवा असतो, आंबोली असते, एखादा लांबचा रस्ता असतो. मग घरात लहान मूल येतं, कर्जाचे हप्ते जड होतात, पाठ धरते, बदली होते, आणि गाडी पार्किंगमध्ये उभी राहते. म्हणून सात वर्षांची गाडी नऊ हजार किलोमीटर पळालेली सापडते. नवखं गिऱ्हाईक तो आकडा बघून खूश होतं. मला कमी पळालेल्या गाडीची जास्त धास्ती वाटते. उभ्या गाडीच्या टाकीत आतून गंज धरतो आणि तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. टायरच्या बाजूला बारीक चिरा पडतात. पुढच्या शॉकपची ऑइल सील कडक होतात आणि पहिल्या शंभर किलोमीटरात गळायला लागतात. रोज चाळीस किलोमीटर चालवून वेळेवर ऑइल बदललेली पन्नास हजारांची गाडी मी डोळे झाकून घेईन. मीटर मागे घेता येतं हा भाग आहेच, पण ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर आणि हँडलची गुळगुळीत मूठ मागे घेता येत नाही.

इंजिन गार असताना बघायचं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मालकानं आधीच तापवून ठेवली असेल तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी जातो. दुसरी गोष्ट फार जण बघत नाहीत. हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं वळवल्यावर जिथं अडतं, तिथं चासीला लोखंडी स्टॉपर असतो. गाडी पुढून जोरात धडकली असेल तर तो चेपतो, नाहीतर त्याच्यावर वेल्डिंगचा नवा टाका दिसतो. क्रॅशगार्ड बदलता येतं, मडगार्ड बदलता येतं, स्टॉपरकडं कुणाचं लक्ष जात नाही. क्रूझरचा पुढचा शॉकप आधीच पुढं कललेला असतो, त्यामुळं चासीचा थोडासा बाक डोळ्यांना कळत नाही आणि गाडी सतत एका बाजूला ओढते. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला सरळ आणि वाकडं यांतला फरक लवकर दिसतो, एवढा एक फायदा मला मिळाला.

आता गाळाचं सांगतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला जो पूर आला तो इथल्या कुणी विसरलेला नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. सुतारवाड्यात दर मोठ्या पावसाळ्यात पाणी येतं, तिथली माणसं तयार असतात. त्या वर्षी जिथं पिढ्यान्‌पिढ्या पाणी बघितलं नव्हतं तिथंही ते शिरलं. माणसं जीव घेऊन बाहेर पडली, गाड्या जागेवर राहिल्या. पाणी ओसरल्यावर गॅरेजांसमोर चिखलानं माखलेल्या दुचाकींच्या रांगा लागल्या. जुन्या गाडीला बहुतेकांचा फक्त थर्ड पार्टी विमा असतो, त्यात पुराचं नुकसान मिळत नाही. त्यामुळं लोक मिळेल त्या भावाला गाडी सोडत होते. मी चार ॲव्हेंजर घेतल्या, सगळ्यांत महाग अकरा हजारांची.

इंजिनची कामं मी मनापासून केली. ऑइल काढलं तेव्हा ते दूध जास्त झालेल्या चहासारखं बाहेर आलं. दोनदा ताजं ऑइल घालून, थोडं फिरवून, पुन्हा काढलं. चाकांची बेअरिंग बदलली, ब्रेकड्रम उघडून गाळ काढला, स्टार्टर मोटर खोलली. वायरिंगला मात्र ब्लोअर मारला, उन्हात सुकवलं, सगळे दिवे लागले म्हणून तसंच ठेवलं. नवं वायरिंग घालायचं तर तीन-चार हजार आणि दोन दिवस जास्त जाणार होते.

त्यातली एक डिसेंबरात एका शिक्षकानं घेतली. साधा, बोलायला मऊ माणूस. पैसे मोजायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘‘मिस्त्री, पुरातली नाही न्हवं ही?’’ मी म्हणालो, ‘‘सर, इंजिनचं सगळं काम केलंय, काय काळजी करू नका.’’ त्यांनी विचारलं होतं ते हे नव्हतं. मला तेव्हाही ते कळत होतं. एक्केचाळीस हजार मोजून घेतले.

पाण्यात राहिलेली तांब्याची वायर कपलरच्या आत हळूहळू हिरवी पडत जाते. वरून काही दिसत नाही, दिवे लागत असतात, हॉर्न वाजत असतो. पुढच्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, ते आणि त्यांची पत्नी गगनबावड्याहून येत होते. अंधार पडलेला. साळवणच्या अलीकडं वळणावर हेडलाइट, मीटर आणि इंजिन एका क्षणात बंद पडलं. दीडशे किलोहून जड गाडी, पुढचं काही दिसेना, रस्ता ओला. गाडी चरीत गेली. त्यांना खरचटलं, बाईंचं मनगट मोडलं.

आठवड्यानं ते टेम्पोत गाडी घालून उद्यमनगरात आले. मी लेथवर होतो. ते आवाज चढवून एक शब्द बोलले नाहीत. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, त्यांच्या गावातल्या मिस्त्रीनं दाखवलं असणार, डूम उघडली, वाटीतली माती बोटानं खरवडून एका कागदावर घेतली आणि तो कागद माझ्या लेथच्या बेडवर ठेवला. चमचाभर माती असेल. म्हणाले, ‘‘मी विचारलं होतं तुम्हाला.’’

मी एक्केचाळीस हजार परत दिले आणि गाडी ठेवून घेतली. दवाखान्याचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. उरलेल्या तिघांच्या घरी जाऊन मी सांगून आलो. दोघांचं वायरिंग माझ्या खर्चानं बदललं, तिसऱ्यानं गाडी आधीच पुढं विकली होती. ती कुठं आहे ते मला शोधता आलं नाही. अजूनही रस्त्यात काळी ॲव्हेंजर दिसली की मी तिचा नंबर वाचतो.

तेव्हापासून मी वही ठेवली. प्रत्येक गाडीला एक पान. कुठून आली, मालकानं का विकली, काय उघडलं, काय बदललं, कशाच्या कारणानं, आणि शेवटी ‘काय राहिलंय’. ते पान झेरॉक्स करून गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि मूळ पानावर त्याची सही घेतो. ‘काय राहिलंय’ या रकान्यात मी काहीच झाकत नाही. क्लच प्लेट अजून पाच-सहा हजार किलोमीटर चालतील, मागचा टायर पावसाळ्याआधी बदला, दुसऱ्या गिअरमधून न्यूट्रल पटकन लागत नाही. पहिल्या वर्षी वही वाचून सात जण परत गेले. गाडीमागं तीन-चार हजार कमी मिळतात, हेही खरं. पण गिऱ्हाइकानं प्रश्न विचारला की माझी नजर आता इकडं तिकडं पळत नाही.

दुसरा धडा कागदाचा, आणि तो याच्या आधीचा. २०१० मध्ये मी एक ॲव्हेंजर इचलकरंजीच्या एका माणसाला विकली. तो म्हणाला, पुढं पाहुण्याला द्यायची आहे, टीटी फॉर्मवर सह्या करून द्या, नाव मागाहून घालतो. त्या काळी सगळे तसंच करायचे. फॉर्म २९ आणि ३०, खाली माझी सही, घेणाऱ्याचा रकाना कोरा. चार वर्षांनी मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. गाडी तीन हात फिरली होती, कुणीच नाव चढवलं नव्हतं, विमा संपलेला, आणि तिनं एका सायकलवाल्याला उडवलं होतं. त्याचा पाय कायमचा आखूड झाला. रजिस्टरवर मालक मीच. मी वकिलांना म्हणत होतो की गाडी मी विकली आहे, पैसे घेतले आहेत, स्टॅम्पपेपर आहे. ते शांतपणे म्हणाले, कायद्याच्या लेखी ज्याचं नाव नोंदलेलं तो मालक. पुढं २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात हेच स्पष्ट सांगितलं: नोंदीत नाव असेपर्यंत भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, मधे गाडी कितीही हातांतून फिरो. माझ्या प्रकरणात लोकअदालतीत तडजोड झाली आणि माझ्या वाट्याला नव्वद हजार आले. त्या सायकलवाल्याला मी तिथं बाकावर बसलेला बघितलं. नव्वद हजारांबद्दल तक्रार करायला माझं तोंड उघडलं नाही.

गाडी विकल्यावर चौदा दिवसांत विकणाऱ्यानं आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत. निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. मी आता एजंटावर सोडत नाही, नाव चढेपर्यंत पाठपुरावा स्वतः करतो आणि परिवहनच्या साइटवर नवं नाव दिसल्यावरच विसाराच्या पावतीवर ‘व्यवहार पूर्ण’ लिहितो. घेतानाही तसंच. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसार देत नाही. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि तो ठसा आरसीशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघतो. आकड्यांची ओळ वरखाली झालेली दिसली की तिथूनच घरी.

गोव्याच्या गाड्यांचं थोडक्यात. तिथं भाड्यानं द्यायला ॲव्हेंजर खूप चालायची, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली. अशा गाड्या पुढं खासगी पासिंग करून स्वस्तात विकायला निघतात. मी दोन घेतल्या आणि थांबलो. खाऱ्या हवेनं स्पोक आणि नट आतून खाल्लेले असतात, शंभर वेगवेगळ्या हातांनी क्लच जाळलेला असतो, वर एनओसी, आपल्याकडचा टॅक्स आणि नवीन पासिंग यात स्वस्ताई संपून जाते.

भावाचं गणितही दर थोड्या वर्षांनी बदलतं. २०२० मध्ये नवी बीएस ६ नियमावली आली, थंडरबर्ड बंद झाली, तिच्या जागी मीटिअर आली. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि माझ्या शेडमधल्या तिन्ही गाड्यांचा भाव त्याच आठवड्यात उतरला. त्यात नुकसान सोसलं. धंद्यात ते धरून चालायचं.

सगळ्यांत समाधानाची विक्री कुठली, असं विचारलं तर पाच फूट उंचीची एक पोलीस भरतीतली मुलगी आठवते. बुलेटवर तिचे पाय टेकत नव्हते, शोरूममध्ये तिला स्कूटर बघा म्हणून सांगितलं होतं. ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटर. ती बसली, दोन्ही तळवे सपाट टेकले, आणि काही न बोलता तिनं गाडी स्वतःच मागं घेऊन वळवली. बुटकेपणामुळं मोठ्या स्पीडब्रेकरवर पोट घासतं, तेही मी तिच्या पानावर लिहिलं.

आणि एक थंडरबर्ड. २०२२ मधली गोष्ट. राजारामपुरीच्या मागच्या बाजूला एका वहिनींनी बोलावलं. मिस्टर आदल्या वर्षी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. २०१३ चं मॉडेल, ३५० सीसी, अकरा हजार किलोमीटर. गाडीवर जुनी चादर घातलेली, चादर धुतलेली. हेडलाइट उघडला, आत स्वच्छ. स्टॉपर जागच्या जागी. बटण दाबलं आणि पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. वर्षभर उभ्या गाडीची बॅटरी अशी असत नाही, म्हणून मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, ‘‘रोज संध्याकाळी दिवा लावला की पाच मिनिटं चालू करून ठेवते, भाऊ. ते सांगायचे, चालू नाही केली की खराब होते.’’

मी ऑइलचं झाकण काढलं. झाकणाला आतून सायीसारखा पांढरट थर होता. खाली वाकून सायलेन्सरच्या पोटाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो आत गेला. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. आत धरलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायच्या आधीच गाडी बंद होते आणि ते पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठत राहतं. वर्षभर रोज संध्याकाळी ते साठत गेलं होतं. त्या चहा घेऊन बाजूला उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं नाही. भाव ठरवताना सायलेन्सरचे पैसे कापले नाहीत. वहीत लिहिलं, ‘सायलेन्सर आतून गंजलेला, नवीन बसवला. ऑइल दोनदा बदललं.’ कारणाचा रकाना त्या एकाच पानावर कोरा आहे.

कागदांचं काम निघालं. एक एजंट म्हणाला, मिस्टरांच्या सहीचा नमुना द्या, जुन्या तारखेचा टीटी करून टाकू, एका फेरीत होईल. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणालो. मालक वारले असतील तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते, मग विकायची. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मुलाचं संमतिपत्र. दोन वेळा नाव, दोन वेळा फी, आरटीओच्या तीन चकरा. मुलगा पुण्यात शिकत होता, सहीसाठी रात्रीच्या गाडीनं येऊन सकाळी परत गेला.

महिन्याभरानं स्मार्टकार्ड पोस्टानं आलं. वहिनींचा फोन आला, ‘‘भाऊ, कार्ड आलंय. माझ्या नावावर पहिलीच गाडी.’’ गिऱ्हाईक तयार होतं, निपाणीचा एक तरुण, विसार देऊन बसलेला. मी त्याला थांब म्हणालो आणि वहिनींना फोन केला नाही. पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी त्यांनीच बोलावलं. फॉर्म २९ वर सही, फॉर्म ३० वर सही, घेणाऱ्याचं नाव माझ्यासमोर पूर्ण लिहिलं, त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, दहा मिनिटं थांबा. कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या, कार्डाची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून आणली, ती घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मूळ कार्ड माझ्या हातात दिलं.